दोन संग्रहांच्या मधली वर्षं

विंदा करंदीकरांचा ‘धृपद’ १९५९ साली आला, ‘जातक’ १९६८ साली. त्यांच्या कवितेविषयी बोलताना पुष्कळदा पहिल्यावरून थेट दुसऱ्यावर उडी घेतली जाते, जणू मधली नऊ वर्षं कवीने लेखणी ठेवून दिली होती. प्रत्यक्षात १९६१मध्ये ‘राणीची बाग’ आणि ‘एकदा काय झाले’, १९६३मध्ये ‘सशाचे कान’ आणि ‘एटू लोकांचा देश’, १९६५मध्ये ‘परी गं परी’ अशी मुलांसाठीची पाच पुस्तकं याच काळात निघाली. गटेच्या ‘फाउस्ट’च्या पहिल्या भागाचा त्यांचा अनुवादही १९६५चाच. सैतानाशी करार करणारा विद्वान आणि एटू लोक एकाच सुमारास एकाच माणसाच्या मनात नांदत होते.

लिहिणाऱ्याने आपला वेळ कसा वाटावा, हा प्रश्न निघाला की एक ठरीव उत्तर समोर येतं. आधी ‘खरं’ लेखन, मग उरलेल्या वेळात बाकीचं. मुलांची पुस्तकं वाचणं आणि मोकळ्या हवेत पायी भटकणं ही दोन्ही कामं या ‘बाकीच्या’त जमा होतात. पहिलं घरातली मुलं मोठी झाली की सुटतं, दुसरं तब्येतीच्या काळजीपुरतं उरतं. हा हिशेब मुळातच चुकीचा आहे. त्यात गृहीत असं धरलेलं असतं की लेखन टेबलापाशीच घडतं आणि टेबलापासून दूर गेलेला प्रत्येक तास लेखनातून वजा होतो. विंदांची ती नऊ वर्षं याच्या उलट साक्ष देतात. पुढे त्यांच्या ‘विरूपिका’ १९८१ साली प्रसिद्ध झाल्या, आणि ‘पिशीमावशी आणि तिची भुतावळ’ हे मुलांचं पुस्तकही त्याच वर्षीचं. परिचित आकार वेडावाकडा करून त्यातलं सत्य बघायची विरूपिकांमधली रीत आधी वीस वर्षं मुलांसमोर घोटली गेली होती, असं मानायला भरपूर जागा आहे.

बंगालीतही साठच्या दशकात विंदांना एक जोडीदार सापडतो. उपेंद्रकिशोर रायांनी १९१३ साली सुरू केलेलं आणि पुढे बंद पडलेलं ‘संदेश’ हे मुलांचं मासिक सत्यजित राय यांनी सुभाष मुखोपाध्यायांच्या साथीने १९६१ साली पुन्हा सुरू केलं. त्यासाठी त्यांनी गोष्टी लिहिल्या, चित्रं काढली. प्रोफेसर शोंकू त्यातूनच आला, १९६५ साली फेलूदा आला. हीच वर्षं ‘महानगर’ आणि ‘चारुलता’ची आहेत. मासिकाच्या कामाने चित्रपटांचं नुकसान झालं, असं कुणी म्हणू शकेल का? आजोबा उपेंद्रकिशोरांच्या कथेवरचा ‘गुपी गाइन बाघा बाइन’ तर १९६९ साली या दोन्ही वाटा एकत्र आणूनच उभा राहिला.

मुलांचं पुस्तक प्रौढ लेखकाला नेमकं काय देतं? निरागसता, असं उत्तर नेहमी दिलं जातं. ते वरवरचं आहे, कारण चांगल्या बालसाहित्यात कारागिरीची शिस्त कमालीची कडक असते. बहुतेक चित्रपुस्तकं बत्तीस पानांची असतात, कारण छापील कागदाच्या घड्या सोळाच्या पटीत पडतात. एवढ्या पानांत माणसं, प्रसंग, पेच आणि सुटका सगळं बसवायचं, त्यातही अर्धी जागा चित्राला द्यायची. डॉ. स्यूस यांच्या ‘द कॅट इन द हॅट’मध्ये (१९५७) वेगवेगळे शब्द जेमतेम २३६ आहेत. पण शब्दांच्या काटकसरीपेक्षाही वाचणारा अधिक कठोर असतो. मोठा वाचक लेखकाच्या नावाला मान देऊन, किंवा आपल्यालाच कळत नसेल अशा संकोचाने, कंटाळवाणी पन्नास पानं निमूटपणे वाचून काढतो. पाच वर्षांचं मूल दुसऱ्या पानावर उठून निघून जातं. त्याच्यापुढे विशेषणांची रास कामाला येत नाही. कुत्रा कुठे गेला, हे त्याला लगेच हवं असतं.

माधुरी पुरंदरे यांचं काम या दृष्टीने लिहिणाऱ्या प्रत्येकाने पुन्हा पुन्हा वाचावं असं आहे. ‘राधाचं घर’मध्ये आई, बाबा, आजी, आजोबा अशी घरातली साधी माणसं आहेत. प्रत्येकाची एखादी लकब, एखादी रोजची कृती, आणि माणूस उभा राहतो. उपदेश नाही, लाडेलाडे बोलणं नाही. याच लेखिकेने पिकासोचं चरित्र लिहिलं आणि फ्रेंचमधून अनुवाद केले, हे विसरायला नको. मोठ्यांसाठी लिहिताना जे गद्य पसरट होऊ लागतं, त्यातलं काय काढून टाकता येईल, हे अशा वाचनातून कळतं. मात्र एक अट आहे. तंत्र उचलण्यासाठी वही-पेन घेऊन बसलं की हे वाचन मरतं. सशाचं पुढे काय होणार, याची खरीखुरी काळजी वाटली पाहिजे.

पायी फिरण्याचं तसंच. हल्ली फिरणं पावलांच्या आकड्यात मोजलं जातं. रोज दहा हजार पावलांचं जे लक्ष्य मनगटावरची घड्याळं दाखवतात, ते १९६०च्या दशकात जपानमध्ये विकायला आलेल्या पावलं मोजणाऱ्या यंत्राबरोबर रूढ झालं. आरोग्यासाठी आकडा उपयोगी असेलही, पण लेखकाच्या फिरण्याला तो मारक ठरू शकतो, कारण आकडा पुरा करणारा माणूस वाटेत थांबत नाही. दुर्गाबाई भागवतांचं ‘ऋतुचक्र’ (१९५६) थांबलेल्या नजरेचं पुस्तक आहे. चैत्रापासून एकेक महिना घेऊन त्यांनी झाडांचा मोहोर, पानगळ, फुलांचे रंग, आभाळ यांची नोंद केली, आणि ती करताना लोकपरंपरा आणि संस्कृत काव्य दोन्ही सोबत ठेवलं. थोरोच्या ‘वॉल्डन’चा मराठी अनुवाद त्यांनीच केला, हा योगायोग नाही. थोरो रोज निदान चार तास रानावनात भटकल्याशिवाय आपली तब्येत आणि मन ठिकाणावर राहत नाही, असं सांगणारा माणूस. आणि दुर्गाबाईंनीही मुलांसाठी लिहिलं, लोककथा गोळा केल्या. रानात बघणं आणि गोष्ट ऐकणं ही त्यांच्या ठायी एकच सवय होती.

गो. नी. दांडेकरांनी तर वयाच्या तेराव्या वर्षी घर सोडलं, नर्मदेची परिक्रमा केली आणि पुढे तळेगावात राहून आयुष्यभर गडकिल्ले पायाखाली घातले. ‘माचीवरला बुधा’ वाचताना राजमाचीचं रान कुणी लांबून पाहून लिहिलेलं नाही, हे पानोपानी जाणवतं. तिथे झाडं आणि जनावरं बुधाइतकीच महत्त्वाची पात्रं आहेत, आणि घटना म्हणावी अशी फार थोडी. चालणाऱ्या माणसाला जसा एकेक टप्पा दिसतो, तशी ती कादंबरी पुढे सरकते.

फिरल्याने डोकं चालतं, हे केवळ लेखकांचं म्हणणं नाही. स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या मॅरिली ओपेझो आणि डॅनियल श्वार्ट्झ यांनी २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बसलेल्यांपेक्षा चालणाऱ्यांना नव्या कल्पना सरासरी साठ टक्के अधिक सुचल्या. कोऱ्या भिंतीसमोर ट्रेडमिलवर चालणाऱ्यांनाही फायदा झाला, आणि चालून आल्यावर थोडा वेळ तो टिकला. त्याच प्रयोगांतला दुसरा निष्कर्ष मात्र फार कमी वेळा सांगितला जातो. ज्या कोड्याचं एकच अचूक उत्तर असतं, ते सोडवण्यात चालणारे किंचित मागे पडले. लेखकासाठी हे फार कामाचं आहे. कल्पना, वळण, पात्राचं एखादं अनपेक्षित वागणं चालताना सुचेल. नेमका शब्द निवडणं, वाक्य छाटणं यासाठी बसावंच लागेल. समतोल साधायचा तो या दोन कामांच्या क्रमाचा. घड्याळात कुणाला किती तास द्यायचे, हा त्यामानाने दुय्यम प्रश्न आहे.

व्हर्जिनिया वुल्फच्या ‘मिसेस डॅलोवे’च्या (१९२५) हस्तलिखितात हे सगळं एकत्र सापडतं. ही कादंबरी लंडनच्या रस्त्यांवरून चालतच पुढे जाते. वुल्फ स्वतः पट्टीची चालणारी होती. पुढची ‘टू द लाइटहाउस’ आपल्याला टॅव्हिस्टॉक स्क्वेअरमध्ये फिरताना सुचली, असं तिने लिहून ठेवलं आहे. तर या ‘डॅलोवे’च्या पानांमध्येच तिने भाचीसाठी लिहिलेली एक छोटी गोष्ट निघाली. पडदा शिवता शिवता एका दाईला डुलकी लागते आणि ती घोरत असेपर्यंत कापडावरची जनावरं जिवंत होऊन पाणी प्यायला निघतात, अशी ती गोष्ट. वुल्फच्या मृत्यूनंतर बऱ्याच वर्षांनी ती प्रसिद्ध झाली. विसाव्या शतकातल्या एका अवघड कादंबरीच्या मधोमध मुलांची गोष्ट लिहिताना तिला वेगळी वही घ्यावीशी वाटली नाही.

अर्थात हे सगळं सांगताना एक गोष्ट लपवता येत नाही. भटकायला वेळ आणि सुरक्षित वाट लागते, आणि ती सर्वांना सारखी मिळत नाही. घर, नोकरी आणि स्वयंपाक सांभाळून पहाटे लिहिणाऱ्या बाईला ‘रोज चार तास भटका’ हा सल्ला निरुपयोगी आहे. संध्याकाळी अंधारल्यावर एकटीने फिरणं किती जणींना शक्य आहे? दोन-अडीच तास लोकलमध्ये घालवणाऱ्याला तरी फिरायला ताकद कुठून उरणार? चालायला तब्येतही लागते: दुर्गाबाईंनाही आदिवासी भागात संशोधन करताना विषारी सुरण खाण्यात आल्याने अनेक वर्षं आजारपणात काढावी लागली. त्यामुळे चालण्याचं कौतुक करताना गच्चीवरची दहा मिनिटं, बसथांब्यापर्यंतची एक गल्ली, खिडकीसमोरचं झाड यांनाही तेवढीच किंमत दिली पाहिजे. मुलांचं पुस्तक या बाबतीत अधिक उदार आहे. अर्ध्या तासात ते पुरं होतं, वाचनालयात मिळतं, आणि मांडीवर मूल असताना तर ते दोघांचं होतं.

जिथे वाट आहे, तिथे ती राखणं हाही मग साहित्याचाच प्रश्न होतो. पुण्यात सेनापती बापट रस्त्यावर बालभारतीची इमारत आहे. ‘किशोर’ मासिक १९७१पासून हीच संस्था काढते, आणि मराठीतल्या अनेक नामवंतांनी मुलांसाठी त्यात लिहिलं आहे. त्या इमारतीच्या मागेच टेकडी सुरू होते. सकाळ-संध्याकाळ हजारो माणसं तिथे चालतात. त्यांत लिहिणारे असतात, चित्रं काढणारे असतात, नातवंडांचा हात धरून पक्षी दाखवणारे आजोबा असतात. बालभारतीपासून पौड फाट्यापर्यंत टेकडीवरून रस्ता काढण्याचा प्रस्ताव अनेक वर्षं चर्चेत आहे आणि नागरिक त्याला विरोध करत आले आहेत. या वादात वाहतूक, भूजल आणि झाडं यांचे मुद्दे मांडले जातात, ते योग्यच आहे. पुण्यातल्या लेखकांनी आणि प्रकाशकांनी त्यात आपलाही मुद्दा जोडायला हवा: या टेकडीवर रोज मराठी पुस्तकं घडतात.