घातांकाचा पडदा

अंशांची बेरीज केल्याशिवाय समग्राचं ज्ञान होतं का? १९८० च्या पुटनम गणितस्पर्धेतलं एक इंटिग्रल याचं उत्तर देतं. सीमा शून्य ते पाय भागिले २. अंशस्थानी १, छेदात १ अधिक टॅन क्षचा √२ वा घात. सरळ वाटेने गेलं तर या घातांकापाशी गाडं अडतं. पण क्षच्या जागी पाय भागिले २ वजा क्ष ठेवलं की टॅनचा कॉट होतो, आणि जुन्या व नव्या फलांची बेरीज सर्वत्र नेमकी १ भरते. म्हणजे इंटिग्रलची दुप्पट पाय भागिले २, उत्तर पाय भागिले ४. √२ ऐवजी ३ घ्या, १९८० घ्या. टोकं आणि मध्य सोडून वक्राची प्रत्येक उंची बदलते, क्षेत्रफळ ढळत नाही.

संगणकही ०.७८५४ हे उत्तर देईल, असं कुणी म्हणेल. देईल, पण घातांक निरर्थक का, हे त्या आकड्यात नाही. अधिक टोकदार आक्षेप असा की ही सममिती प्रश्न रचणाऱ्यानेच पेरली, म्हणून ती मानवी करामत. वरची सीमा पाय भागिले ३ करून पाहा: सोडवणारा तोच, चातुर्य तेच, तरी युक्ती कोसळते. रचणाऱ्याने सीमा निवडल्या, हे खरं. त्या सीमांमध्ये बेरीज १ व्हावी, हे मात्र त्याने ठरवलेलं नाही.