भांडून टिकलेली श्रद्धा

एकोणिसाव्या शतकात पुण्या-मुंबईकडे एखादा शिकलेला माणूस ख्रिस्ती झाला की घरचेदारचे दोन गोष्टी हमखास म्हणत. एक, पैशाला भुलला. दुसरी, इंग्रजी शिकून डोक्यात खूळ शिरले आहे, चार दिवसांत उतरेल. पहिल्या आरोपाला अनेकांच्या दारिद्र्यानेच उत्तर दिले. दुसऱ्याला उत्तर द्यायला सगळे आयुष्य लागते. आज तो आरोप बाहेरच्या कुणी करायची गरज उरलेली नाही, कारण तो खरा ठरण्याची सोय आमच्याच मंडळ्यांनी करून ठेवली आहे. संजीवन सभेत हात उंचावून रडलेला तरुण सहा महिन्यांनी रविवारच्या उपासनेला दिसत नाही. तोवर दुसऱ्या मैदानावर दुसऱ्या वक्त्याची सभा लागलेली असते आणि तो तिथे असतो.

यावर आमचा ठरलेला उपाय म्हणजे जोश वाढवणे. स्पीकर मोठे, बँड नवा, वक्ता लांबचा. मला हा उपाय रोगाचाच भाग वाटतो. पेरणाऱ्याच्या दृष्टांतात खडकाळ जमिनीवरचे बी लगेच उगवते, हे वाक्य आम्ही प्रवचनात भराभर ओलांडून पुढे जातो. त्या बियाला घाई भरपूर होती, खाली माती नव्हती. माती म्हणजे काय, हे समजून घ्यायचे तर पंडिता रमाबाईंकडे जावे. खुळाचा आरोप करायला त्यांच्या आयुष्यात खरोखरच जागा दिसते, म्हणूनही.

पुराणिकाची ही मुलगी संस्कृतच्या बळावर 1878 मध्ये कोलकात्यात 'पंडिता' आणि 'सरस्वती' झाली. तिथे ब्राह्मो मंडळींच्या सहवासात आली. पतीच्या निधनानंतर 1882 मध्ये पुण्यात येऊन तिने आर्य महिला समाज काढला, आणि 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे आपल्या लहानग्या मुलीसह, मनोरमेसह, अँग्लिकन पंथात बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांत एवढी वळणे. पुण्यातल्या कुणी 'आता पुढचे काय?' असे विचारले असेल, तर त्याला फार दोष देता येत नाही.

पण बाप्तिस्म्यानंतर काय झाले ते पाहा. नव्या धर्मात आलेल्या माणसाने कृतज्ञतेने मान डोलवावी, अशी यजमानांची अपेक्षा असते. रमाबाईंनी वाद मांडला. त्र्यैक्याच्या सिद्धांताविषयी त्यांना शंका होत्या आणि अथनेशियसचा मतांगीकार त्यांना जसाच्या तसा गळी उतरवता येईना. खाण्यापिण्यातले आपले नियम त्यांनी सोडले नाहीत. क्रूसावर लॅटिन अक्षरेच का, संस्कृत का नको, हेही त्यांनी विचारले. चेल्टनमच्या कॉलेजात त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांना शिकवावे की नाही, यावर हिंदुस्थानातल्या बिशपांनी हरकत घेतली. तेव्हा त्यांनी कळवले ते थोडक्यात असे: एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून मोठ्या कष्टाने सुटले आहे, आता दुसऱ्याच्या हाती मान देणार नाही. वाँटेजच्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला हा पत्रव्यवहार वाचताना कधी कधी जेराल्डिनबाईंचीच दया येते.

माझ्या मते त्यांची श्रद्धा टिकली ती या भांडणांमुळे. शौक म्हणून घेतलेली गोष्ट माणूस सबंध उचलतो, कारण त्यातले काहीच त्याला पारखायचे नसते. टाकतोही सबंधच. रमाबाईंनी एकेक गोष्ट उलटसुलट करून घेतली. जे घेतले त्याची किंमत त्यांना ठाऊक होती. जे पटले नाही ते पटले नाही म्हणून त्यांनी नोंदवून ठेवले, आणि तरीही दार आपटून निघून गेल्या नाहीत. शंका आणि निष्ठा एकाच पत्रात राहू शकतात, हे आमच्या धर्मशिक्षणाच्या वर्गात कुणी सांगत नाही.

किंमत दोन्हीकडून वसूल झाली. 1889 मध्ये मुंबईत सुरू झालेले शारदासदन पुढच्या वर्षी पुण्यात आले. तिथे मुलींना ख्रिस्ती केले जाते, अशी ओरड 1893 मध्ये झाली. 'केसरी' तुटून पडला, रानडे-भांडारकरांसारखे पाठीराखे सल्लागार मंडळातून बाहेर पडले आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. त्या आधी चर्चवाल्यांच्या मते त्या पुरेशा ख्रिस्ती नव्हत्या, आता पुणेकरांच्या मते भलत्याच ख्रिस्ती होत्या. फॅशनला कुणाची तरी वाहवा लागते. दोन्ही बाजूंची वाहवा गेल्यावरही माणूस जिथे उभा राहतो, त्या जागेला खूळ म्हणणे अवघड आहे.

आणखी एक तपशील मला फार महत्त्वाचा वाटतो. बाप्तिस्म्यानंतर आठेक वर्षांनी रमाबाईंना जाणवले की आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला खरा, पण ख्रिस्त अजून मिळालेला नाही. पुढे आपल्या साक्षीत त्यांनी हे उघड लिहिले. म्हणजे मधली वर्षे त्या कोरड्या मनानेच धर्मात होत्या. आजच्या मापाने ती 'थंड' वर्षे. पण त्याच वर्षांत त्या अमेरिकेत फिरल्या, उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, शारदासदन उभे केले. 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतातून उपाशी मुली आणल्या आणि केडगावला मुक्ती सदन वसवले, तेव्हाही काम आधी होते. 1905 मध्ये मुक्तीत मोठे संजीवन झाले, मुली रात्र रात्र प्रार्थनेत राहिल्या. ते ऐकून आजचे प्रचारक हरखतात, पण तोवर तिथे कित्येक वर्षे दळण, विणकाम, शिक्षण आणि आजाऱ्यांची उस्तवार चालू होती, हे ते सांगत नाहीत. तो उमाळा ओसरल्यावरही केडगाव उभे राहिले ते या कामावर.

एक आक्षेप मला मान्य करावा लागतो. उत्तरायुष्यात रमाबाई अधिक कर्मठ झाल्या आणि सार्वजनिक सुधारणेच्या वर्तुळातून दूर गेल्या. तरुणपणची प्रश्न विचारणारी रमाबाई ज्यांना आवडते, त्यांना ही प्रौढ रमाबाई अरुंद वाटते. मलाही काही ठिकाणी वाटते. टिकून राहण्यात हा धोका असतोच. पण हीच बाई म्हातारपणी हिब्रू आणि ग्रीक शिकून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत सगळे बायबल उतरवत बसली होती. 1921 मध्ये मनोरमा गेली तरी ते काम थांबले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या गेल्या त्याआधी ते पुरे झाले होते. तो अनुवाद मंडळ्यांमध्ये रुळला नाही, ही गोष्ट निराळी.

टिळक दांपत्याची कथा मराठी वाचकाला पाठ आहे, म्हणून दोनच मुद्दे. नारायण वामन टिळकांना आगगाडीत एका गोऱ्या प्रवाशाने नवा करार दिला आणि दोनेक वर्षांत, 1895 मध्ये, त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंनी मात्र आपला वेळ घेतला: विरह सोसला, सोवळेओवळे हळूहळू सोडले आणि 1900 मध्ये स्वतःच्या पायांनी आल्या. टिळकांमागे 'ख्रिस्तायन' पुढे नेणाऱ्या त्याच. सावकाश येणाऱ्याला आम्ही अजूनही अर्धवट समजतो. दुसरा मुद्दा टिळकांचा. 1917 मध्ये त्यांनी मिशनची नोकरी सोडली आणि 'देवाचा दरबार' काढला; त्यात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले दोघेही येऊ शकत. ही धरसोड होती, असे काहींना तेव्हाही वाटले असेल. पगार सोडूनही ज्याने ख्रिस्त सोडला नाही, त्याच्याबाबत हा शब्द मी वापरणार नाही.

या सगळ्याचा दृढीकरणाच्या वर्गाशी संबंध आहे. पंधरा वर्षांचे पोर विचारते की देव एक तर तिघे कसे. बहुधा उत्तर मिळते की हे गूढ आहे, प्रार्थना कर. पोर गप्प बसते, परीक्षा पास होते, बिशपांचा हात डोक्यावर येतो, आणि विशीत ते हळूच नाहीसे होते. नेमका हाच प्रश्न रमाबाईंनी वाँटेजला विचारला होता. सिस्टर जेराल्डिन चिडल्या, दुखावल्या, कधी चुकीचेही बोलल्या, पण पानेच्या पाने उत्तर लिहीत राहिल्या. रमाबाईंची पत्रे त्यांनीच जपून ठेवली, त्यांचा संग्रह केला, म्हणून ती आज छापील मिळतात. आमच्याकडे वक्त्यांची वाण नाही. असे उत्तर लिहीत बसणारा पाळक किंवा शिक्षिका किती मंडळ्यांत आहे, हे पुढच्या वार्षिक सभेत हिशेबाच्या कागदांबरोबर विचारायला हरकत नाही.