ऐकणाऱ्याचे ऋण

आमचे एक स्नेही मूळचे अंत्रुज महालातले. अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात ते बरीच वर्षे स्थायिक आहेत. त्यांच्या पत्रातून या खेपेस एक प्रश्न आला आहे. त्यांच्या गावी येत्या पंधरवड्यात नवोदित वाद्यवृंदांची एक मैफल व्हावयाची आहे. ज्याला तिकडे ‘सदर्न रॉक’ आणि ‘अमेरिकाना’ म्हणतात, त्या धाटणीचे गाणे पंचविशीच्या आतबाहेरची मुलेमुली तेथे गाणार आहेत. कन्येने दोन तिकिटे आणली असून वडिलांनी बरोबर यावे असा तिचा हट्ट आहे. वडिलांच्या मनात मात्र अढी आहे. ज्या प्रदेशात माणसे गुरांसारखी विकली गेली, त्या प्रदेशाच्या अभिमानाचे हे गाणे. त्यास आम्ही टाळ्या वाजवाव्या काय, असे ते विचारतात.

प्रश्न दिसतो तितका लहान नाही. कलेच्या सौंदर्याने तिच्या मुळाशी असलेला अन्याय धुऊन निघतो काय? आणि निघत नसेल, तर ऐकणाऱ्याने कान झाकून घ्यावे काय?

प्रथम या गाण्याचे कूळ पाहू. १९६९ मध्ये फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे ‘ऑलमन ब्रदर्स बँड’ हा वृंद उभा राहिला व लवकरच जॉर्जियातील मेकन गावी येऊन राहिला. सार्वजनिक जागी वर्णभेद करण्यास बंदी घालणारा कायदा होऊन तेव्हा पाचच वर्षे लोटली होती. तरीही या वृंदाच्या दोन तालवादकांपैकी एक, जेमो, हा कृष्णवर्णीय होता. वृंदाचा नायक ड्वेन ऑलमन बोटात औषधाची काचेची कुपी घालून ती गिटारच्या तारांवरून सरकवी. आमच्या विचित्रवीणेवर काचेचा गोळा फिरतो, तशी काहीशी ती मींड होती. पण तारेवरून असे काही सरकवून सूर लांबविण्याची दक्षिणेतील रीत कृष्णवर्णीय गायकांनी त्याच्या कितीतरी आधी रुजविली होती. त्याच्या वृंदाच्या १९७१ च्या गाजलेल्या ध्वनिमुद्रिकेतील पहिलेच गाणे ब्लाइंड विली मॅकटेल या जॉर्जियाच्या अंध कृष्णवर्णीय गायकाचे आहे. मॅकटेलने ते १९२८ मध्ये मुद्रित केले होते आणि १९५९ मध्ये तो वारला. हजारो श्रोत्यांनी आपले गाणे डोक्यावर घेतलेले ऐकण्यास तो उरला नव्हता.

अमेरिकानाची कथाही हीच आहे. ज्या बँजोवाचून डोंगराळ मुलखातले गोऱ्यांचे लोकगीत ओळखूच येत नाही, त्या वाद्याचे मूळ पश्चिम आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणलेल्या माणसांकडे आहे. ज्यांना पंगतीस बसण्याची मनाई होती, त्यांनीच त्या पंगतीचे गाणे घडविले.

आणि तो ध्वज? १८६१ ते १८६५ च्या यादवीत गुलामगिरी टिकविण्यासाठी लढलेल्या राज्यांचा तो ध्वज या धाटणीच्या काही वृंदांनी १९७० नंतरच्या दशकात रंगमंचावर मिरविला, हे खरेच आहे. फ्लॉरिडाचा गायक टॉम पेटी याने १९८५ च्या दौऱ्यात तो वापरला. मात्र २०१५ मध्ये आपण केला तो मूर्खपणा होता, अशी उघड कबुली त्याने दिली. ती आम्हांस त्याच्या गाण्याइतकीच मोलाची वाटते.

आता न्यायासनावर बसण्यापूर्वी आम्ही आमच्या देवळाच्या पायऱ्या उतरून पाहू. पालखीपुढे आणि नवरात्रात मखरासमोर आमच्या देवांनी जे गाणे ऐकले, ते पिढ्यान्‌पिढ्या कोणाच्या गळ्यातून आले? ज्या घराण्यांतील स्त्रिया देवसेवेस वाहिल्या गेल्या, त्यांच्या. त्यांचे स्वर आम्हांस पवित्र वाटले. त्या मात्र आम्हांस विवाहास योग्य वाटल्या नाहीत. त्यांच्या गाण्याने आमचे उत्सव साजरे झाले आणि त्यांच्या लेकरांच्या बापाचे नाव विचारून आम्ही हसलो. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या त्याच कलावंत समाजात जन्मल्या. पुढे साऱ्या देशाने त्यांना मस्तक लवविले, तेव्हा ‘आमच्या गोव्याच्या’ असे म्हणण्यास आम्ही सर्वांच्या पुढे होतो. वाटा मागताना पुढे आणि देणे देताना मागे, ही रीत केवळ जॉर्जियाची नव्हे.

म्हणून स्नेह्यांस आमचे पहिले सांगणे हे की, जी अढी ते त्या गाण्याविषयी धरतात, ती प्रामाणिकपणे धरावयाची तर त्यांना मखरासमोरचे गाणेही सोडावे लागेल. ते कोणीही सोडणार नाही, आणि सोडूही नये. कारण ज्यांनी ते घडविले त्यांचा अपमान गाणे बंद केल्याने दूर होत नाही. उलट त्यांनी जगात ठेवलेली एकमेव ठेवही त्याने पुसली जाते.

येथे एक आक्षेप येईल. आज वीस-बावीस वर्षांची असलेली पोरे गिटार घेऊन उभी राहतात. पणजोबांच्या पापाशी त्यांचा काय संबंध? आक्षेप खोटा नाही. ज्याने जे केले ते त्याने भोगावे, असेच आमचे कर्मशास्त्र सांगते. पाप वारशाने येत नाही. परंतु ऋण येते. पित्याचे कर्ज फेडणे हे पुत्राचे धर्मकर्तव्य, असे आमचे जुने धर्मशास्त्र मानी. २००५ च्या दुरुस्तीने कायद्यातला तो भार काढून टाकला, तरी त्यामागचा विचार खोटा ठरला नाही. घर घ्यावयाचे आणि घरावरचे गहाण नाकारावयाचे, हे सचोटीस धरून नाही. ज्याने सूर घेतला त्याने त्या सुरावरचे देणेही घेतले. आणि ऐकणाराही सूर घेतोच. तेव्हा तोही ऋणकोच आहे.

हे ऋण फिटते कसे? आमच्या गवयांत एक सुंदर रीत आहे. गुरूचे नाव घेताना ते कानाच्या पाळीस हात लावतात. नाव घेतल्यावाचून विद्या पचत नाही, ही त्यामागची श्रद्धा. पण नुसत्या नावानेही भागत नाही; मान, मोबदला आणि शेजारी बसावयास जागा हे सारे नावाबरोबर यावे लागते. नॉर्थ कॅरोलिनाची रायनन गिडन्स आणि तिचे सोबती जो थॉम्पसन या वृद्ध कृष्णवर्णीय फिडलवादकाच्या पायाशी बसून ती जुनी विद्या शिकले, आणि बँजोचे खरे कूळ तिने जगापुढे मांडले. अशाने ऋण मान्य होते, आणि मान्य झालेले ऋणच फेडण्याच्या मार्गास लागते.

१९७७ मध्ये व्हॉयेजर यानांबरोबर अंतराळात जी सोनेरी ध्वनिमुद्रिका धाडली गेली, तिच्यावर केसरबाईंची भैरवी आहे. त्याच मुद्रिकेवर टेक्सासच्या ब्लाइंड विली जॉन्सनचे १९२७ मधील गाणेही आहे. त्यात शब्द नाहीत, केवळ हुंकार आणि गिटारवरची मींड आहे. हा अंध गायक १९४५ मध्ये दारिद्र्यात मरण पावला. ज्या दोघांना आपापल्या गावच्या समाजांनी खालची पायरी दाखविली, त्यांना मानवजातीने आपल्या वतीने बोलावयास धाडले. त्या निवडीत मानवजातीचा गौरव आहे, पण तिला लाज वाटावी असेही त्यात पुष्कळ आहे.

तेव्हा, मित्रवर्य, कन्येबरोबर मैफलीस अवश्य जावे. तिकिटाचे पैसे आनंदाने द्यावे, कारण नवोदितांची उपासमार करून जुन्यांना न्याय मिळत नाही. तो ध्वज दिसला तर उठून यावे आणि का उठलो ते मुलीस सांगावे. न दिसला तर मन भरून ऐकावे. परतताना मॅकटेलचे नाव तिला सांगावे आणि त्याच्या जोडीला मखरासमोर गाणाऱ्या, ज्यांची नावे आमच्यापैकी कोणी लिहून ठेवली नाहीत, त्या स्त्रियांचीही गोष्ट सांगावी. ती सांगताना हात आपोआप कानाकडे गेला, तर ऋण स्मरले असे आम्ही समजू.