उडी

भूगोल शिकवताना मी फळ्यावर खडूने पुष्कळ ज्वालामुखी काढले. पायाला लागला तो मात्र २०१९ साली. धाकट्या भावाने मला अमेरिकेत बोलावून घेतले होते, तिथून त्याने मावी बेटावर नेले. कानापली किनाऱ्याच्या उत्तर टोकाला केकाआ नावाचा काळा कडा आहे. विझलेल्या ज्वालामुखीचा समुद्रात उतरलेला तो अवशेष.

डोळ्यांवर काच आणि तोंडात श्वासाची नळी धरून पुतण्याने मला कड्याच्या कडेने पोहायला लावले. खाली पाहतो तो पोपटमासे प्रवाळ कुरतडताहेत, आणि तो कट्‌कट् आवाज पाण्यात स्वच्छ ऐकू येतो आहे! त्यांच्या पोटात दळून निघालेले प्रवाळ म्हणजेच इथली पुष्कळशी वाळू, हे कळल्यावर त्या वाळूत लोळणाऱ्या मंडळींकडे मी जरा निराळ्या नजरेने पाहू लागलो.

बाहेर आल्यावर भावाने कड्याची कथा सांगितली. मेलेल्या माणसाचा आत्मा या टोकावरून उडी घेतो, आणि पूर्वज त्याला घेऊन जातात, अशी तिथल्या मूळ लोकांची श्रद्धा. अठराव्या शतकातला मावीचा राजा काहेकिली याने जिवंतपणी इथून उडी घेतली, असे सांगतात. त्या उडीची आठवण म्हणून रोज सूर्यास्ताला एक तरुण मशाली पेटवतो आणि कड्यावरून सूर मारतो. दिवसभर मात्र प्रवासीच उड्या मारीत असतात.

"काका, तुम्ही पण मारा ना!"

मी नाही म्हणालो. भुताखेतांवर माझा विश्वास नाही; वर्गात मुलांना मी तेच सांगतो. मग पाय का अडावा? मला नाशिकचे रामकुंड आठवले. वडिलांच्या अस्थी मी तिथे एकट्यानेच सोडल्या. भावाला वेळेवर विमान मिळाले नव्हते. इतक्यात एका पोराने शेजारीच धपकन उडी मारली, पाणी माझ्या तोंडावर उडाले आणि मी त्याच्यावर खेकसलो. गुरुजी शांतपणे म्हणाले, "असू द्या हो, इथलीच लेकरं ती." खरेच होते ते. त्या पोराच्या आजोबांच्या अस्थीही त्याच पाण्यात गेल्या असतील, आणि कधीतरी तोही डोके भादरून तिथे उभा राहील. त्याला तिथे खेळण्याचा हक्क होता. इथे माझे कोण गेले होते?

"दादा, खाली पोहलेलं चालतं, आणि वरून उडी तेवढी चालत नाही?" भाऊ हसून म्हणाला. माझ्यापाशी उत्तर नव्हते. अजूनही नाही. सोवळे पाळायचे तर पाण्यातही उतरायला नको होते, आणि तो कट्‌कट् आवाज ऐकल्यावाचून परत यावे असेही मला वाटत नाही.

संध्याकाळी मशाली पेटल्या. तो तरुण क्षणभर टोकावर थांबला आणि झेपावला. किनाऱ्यावर टाळ्या पडल्या.

पुतण्याने माझा हात हलवला. "काका, आपले आजोबा कुठून गेले?"

"नाशिकहून," मी म्हणालो.

भाऊ उठला आणि पाण्याच्या कडेला जाऊन उभा राहिला.