जाळापाशी बसून

फाल्गुन सरत आला की पालघरच्या पूर्वेकडचे डोंगर करडे पडतात. पालघर स्टेशनाच्या पुलावर असाल तर काळदुर्गाकडे तोंड करून उभे राहा. बोईसरला असाल तर कारखान्यांकडे पाठ करून पूर्वेची रांग पाहा. घाई करू नका. आधी नुसता उतार पाहा. सागाची पानं गळून गेली आहेत. गवत पिवळं होतं, आता पांढुरकं झालं आहे. पळसाचा एखादा लाल ठिपका सोडला तर तिथे ओल आहे असं सांगणारं काही दिसत नाही.

हे गवत पावसानं दिलेलं आहे. या जिल्ह्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो आणि भाद्रपदात उतारावर चालणारा माणूस दिसू नये इतकं गवत माजतं. पुढचे सात-आठ महिने जवळजवळ कोरडे. ज्या पावसाची आपण वाट पाहतो, तोच चैत्रातल्या वणव्याचं सरपण पिकवून जातो. या विचारापाशी थोडं थांबा. पाऊस चांगला झाला म्हणून डोंगराची काळजी मिटत नाही. त्यात ऊनही आता लवकर तापू लागलं आहे. २०२२चा मार्च हा १९०१पासूनच्या नोंदींत देशातला सर्वांत तापलेला मार्च ठरला.

आता वाऱ्याकडे लक्ष द्या. पहाटे मतलई वारा जमिनीकडून समुद्राकडे वाहतो. दुपार कलली की चिंचणी-तारापूरच्या किनाऱ्यावरून खारा वारा आत शिरतो आणि डोंगराच्या पश्चिम अंगावर चढू लागतो. आगही चढावर धावते, कारण खालचा जाळ वरच्या गवताला आधीच तापवून ठेवतो. पायथ्याशी कोणी पेटती विडी टाकली, तर ती पहाटे टाकली की भर दुपारी, यावर पुष्कळ काही ठरतं. जो माणूस वारा ओळखतो तो आग लावण्याआधी मान वर करून झाडाचा शेंडा पाहतो. तुम्हीही पाहा. शेंडा कोणीकडे झुकला आहे?

बोईसर-तारापूरच्या माणसांना आगीची भीती नवी नाही. १९६९पासून इथे अणुवीज केंद्र आहे, शेजारी रसायनांची मोठी औद्योगिक वसाहत आहे. जानेवारी २०२०मध्ये इथल्या एका कारखान्यात स्फोट झाला आणि आठ माणसं गेली. तशी आग लागली की बंब धावतात, चौकशी बसते, वर्तमानपत्रात नाव येतं. डोंगराच्या आगीला यातलं काही नाही. देहरादूनच्या भारतीय वन सर्वेक्षण संस्थेकडे उपग्रहातून तिचा ठिपका पोचतो आणि तिथून वनखात्याला इशारा येतो. पाड्यावरच्या माणसाला मात्र रात्री अंगणातून ती थेट दिसते, डोंगराच्या पोटावरून सरकणारी लाल रेघ. डोंगर लागलाय, एवढं म्हणून माणूस आत जाऊन निजतो. त्याला दोष देऊ नका. दरवर्षी दिसणाऱ्या गोष्टीची भीती हळूहळू मरते, एवढं फक्त मनात असू द्या.

ही आग कोण लावतं? वीज पडून वणवा लागण्याचे हे दिवस नव्हेत. जवळजवळ प्रत्येक वणव्यामागे माणसाचा हात असतो, आणि त्या हाताला बहुतेक वेळा काही काम असतं. मोहाचं झाड डोळ्यांपुढे आणा. फुलं पहाटे टपटप गळतात, गुबगुबीत, फिकट पिवळी. खाली सुक्या पाल्याचा थर असला तर ती दिसतच नाहीत, म्हणून वेचणारी बाई आदल्या दिवशी झाडाखालचा पाला जाळून घेते. तिची गरज खरी आहे, तिची काडीही वावगी नाही. वणवा पुढच्या तासात असतो. पाला पेटला, झाडाखालची जमीन साफ झाली, बाई पाण्याला गेली. इकडे बुंध्याजवळची एक फांदी धुमसत राहिली आणि दुपारचा वारा सुटला.

याच डोंगरांच्या पायथ्याशी माणसं कितीतरी पिढ्या आग लावत आली आहेत. राब भाजणी पाहिली नसेल तर मनाने त्या बांधावर जाऊन बसा. भाताची, नागलीची रोपं जिथे वाढवायची तेवढाच तुकडा. त्यावर शेण पसरलेलं, वर तोडून वाळवलेल्या फांद्या आणि पाला, वर गवत आणि सगळ्यांवर मातीचा पातळ थर, जाळाला दाब बसावा म्हणून. भोवतालचा काठ आधी खरवडून घेतात. जाळ वाऱ्यासमोरून लावला की तो वाऱ्याशी झगडत सावकाश सरकतो. खालची माती तापते, तणाचं बी मरतं, राख खत होते. एकोणिसाव्या शतकात इंग्रजांच्या वनखात्याला हा राब डोळ्यांत खुपला. जंगल त्यापायी तुटतं असा त्यांचा आक्षेप होता, आणि ठाणे-कुलाब्याच्या शेतकऱ्यांच्या तक्रारींसाठी १८८५मध्ये आयोग नेमावा लागला. जंगल किती तुटलं यावर वाद होईल, झालाही. मला त्या रचनेतली एकच गोष्ट पुनःपुन्हा पाहावीशी वाटते. राबाच्या काठावर हिरवी डहाळी हातात घेऊन कोणीतरी बसलेलं असतं, आणि जाळ राख होईपर्यंत ते तिथून उठत नाही.

तिथे बसूनच आता वणवा गेलेला उतार आठवा. ऐनाचं खोड जवळून पाहा. मगरीच्या पाठीसारखी त्याची जाड, चौकोनी भेगांची साल बाहेरून काळी पडते, आत झाड जगतं. साग बुंध्यापासून पुन्हा फुटतो. पण बोटाएवढी कालपरवाची रोपं कुठली टिकायला? टिटवी आपली अंडी उघड्या खड्यांत घालते, ती कुठली टिकायला? पाल्याचा थर जातो, आणि ज्येष्ठात पहिली मोठी सर येते तेव्हा उघडी माती तिच्याबरोबर ओहोळात उतरते. पाणी मुरायचं ते वाहून जातं. जव्हार-मोखाड्यात पावसाळ्यात डोंगर कोसळतील असा पाऊस पडतो आणि एप्रिलमध्ये टँकरची वाट पाहावी लागते. या टंचाईची कारणं अनेक आहेत. जळालेला उतार त्यातलं एक आहे असं मी मानतो.

आणि गवत. ते नुसतं सरपण नव्हे. वाडा, मनोर, पालघर भागातलं गवत वाळवून, बांधून मुंबईच्या तबेल्यांना जातं. वखारीतली एक गंजी पेटली तर कोणाच्या तरी वर्षाचे पैसे तासाभरात गेले. कारवीच्या कुडाचं घर असेल तर त्याहूनही कमी वेळ पुरतो.

आता खरा प्रश्न जवळ घ्या आणि उत्तराची घाई करू नका. जाळापाशी बसायला पाड्यावर आहे कोण? दिवाळी झाली की कितीतरी कुटुंबं लेकरांसह भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. तरणी पोरं बोईसरच्या कारखान्यांत पाळीवर असतात. वणव्याच्या ऐन दिवसांत घरी उरतात म्हातारी माणसं आणि काही मुलं. आग लावण्याचं काम एका माणसाचं, राखण्याचं चौघांचं. चौघं उरले नाहीत, पण मोह गळायचा थांबत नाही आणि राबही भाजावाच लागतो. वणव्याला निष्काळजीपणा म्हणणं सोपं आहे. मला त्यामागे रिकामी झालेली घरं दिसतात.

वनखातं हिवाळ्यात जाळरेषा काढतं. सामूहिक वनहक्क मिळालेली काही गावं आपल्या जंगलात ती स्वतः काढतात. रुंद पट्टा साफ करायचा, म्हणजे आग तिथे येऊन उपाशी मरते. पण फेब्रुवारीत सागाची पानं त्याच पट्ट्यावर पडतात आणि तो पुन्हा झाडावा लागतो. आणि नेमक्या त्या सुमारास एक गोष्ट आपल्या बाजूची घडते. भट्टीवरची माणसं होळीला घरी येतात. कारखान्यातली पोरं रजा टाकतात. पाडा भरतो, ढोल वाजतो, रात्री सगळे एका जाळाभोवती असतात. त्याच चार दिवसांत जाळरेषा झाडून होऊ शकते. मोहाखालचा पाला जाळायच्या ऐवजी खराट्याने ओढून ढीग करायचा, की जाळायचाच असेल तर पहाटे, आणि तेव्हा सोबत कोण थांबणार, हे तिथे बोलता येतं. भट्टीवाले परत गेल्यावर राखणीची पाळी कोणत्या घराची, आणि वनखात्याचा १९२६ हा क्रमांक कोणाच्या फोनमध्ये आहे, हेही.