चाकाची जखम आणि विवेकाची कसोटी

गेल्या पावसाळ्यात कारवारहून अणशी घाटमार्गे जोयड्याकडे परतत असता आमची मोटार पाण्याने भरलेल्या एका खड्ड्यात आदळली. जोयड्याच्या पावसाशी ज्यांचा पिढ्यानपिढ्यांचा परिचय आहे, त्या वाचकांना या प्रसंगाचे वर्णन करून सांगण्याची गरज नाही. पाण्याखाली रस्ता आहे की रस्त्याखाली पाणी, हे त्या दिवसांत चाक सांगेल तेव्हाच कळते. आम्हांस ते कळले. डावीकडच्या पुढच्या चाकाची कड मुडपली, मागच्या चाकावर लांब ओरखडा उठला, आणि घरी पोहोचेपर्यंत पुढच्या चाकातली हवा निम्म्यावर आली.

चाके मिश्रधातूची होती, ज्यांना आता लहान मुलेही 'अलॉय व्हील' म्हणून ओळखतात. दुसऱ्या दिवशी एका मोठ्या दुकानात ती दाखवली, तर तेथील तरुणाने एका वाक्यात निकाल दिला: "दोन्ही बदलून टाका." दुसऱ्या एका ठिकाणी तितक्याच आत्मविश्वासाने सांगण्यात आले: "काही बदलू नका, आम्ही नव्यासारखे करून देतो." या दोन वाक्यांच्या मध्ये उभे राहून आम्ही जो विचार केला, तो येथे मांडावासा वाटतो. विषय क्षुल्लक वाटेल. परंतु जे बिघडले त्याचे काय करावे, हा प्रश्न चाकापुरता मर्यादित नाही.

आमच्या आजोबांच्या काळी हा प्रश्न पडत नसे. बैलगाडीचे चाक हे मुळातच दुरुस्तीसाठी घडवलेले असे. एक आरा मोडला तर सुतार तेवढाच आरा बदली. लाकूड आकसून लोखंडी धाव सैल झाली की लोहार ती काढून, कापून, पुन्हा जोडून, तापवून चाकावर चढवी आणि वरून पाणी ओती. धाव आवळली की चाक पुन्हा वर्षानुवर्षे चाले. त्यानंतर पत्र्याची पोलादी चाके आली. तीही समजूतदार होती. आदळली की वाकत आणि हातोड्याने सरळ होत. त्यांचे दुखणे डोळ्यांना दिसे.

ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचे चाक निराळ्या स्वभावाचे आहे. ते साच्यात ओतलेले, अखंड आणि देखणे असते. त्याचे दुखणे काही वेळा वर दिसते, काही वेळा आत दडते. म्हणून 'दुरुस्त करावे' किंवा 'टाकून द्यावे' असे सरसकट उत्तर त्यास लागू पडत नाही.

प्रथम दुरुस्तीची बाजू पाहू, कारण ती भक्कम आहे. ओरखडा उठलेल्या चाकावरील रंगाचा थर गेला की उघड्या पडलेल्या धातूला दमट हवा लागते, आणि कारवारकडील खारा वारा लागला तर अधिकच. मग रंगाखाली पांढरट जाळी पसरू लागते. कड खराब झाली की टायर तिला घट्ट बसत नाही आणि हवा हळूहळू निसटते. चाक किंचित वाकले असेल तर वेग वाढताच स्टीअरिंग थरथरते आणि टायर, बेअरिंग, सस्पेन्शन या सर्वांची झीज वाढते. जाणता कारागीर जुना रंग उतरवतो, खड्डे घासून सपाट करतो, किरकोळ वाक असल्यास दाबयंत्रावर बेताने सरळ करतो, मग पावडर कोटिंग करून भट्टीत भाजतो आणि शेवटी बॅलन्सिंग करून देतो. खर्च नव्या चाकाच्या मानाने पुष्कळ कमी येतो. चारही चाके एकसारखी राहतात, जुन्या गाडीचे जुळते चाक शोधण्याची वणवण टळते, आणि एका कारागिराच्या हातास काम मिळते. हे लाभ उघड आहेत.

मात्र आम्हांस अधिक मोलाचा वाटला तो एक अप्रत्यक्ष लाभ. ॲल्युमिनियम मातीत फुकट पडलेले नसते. ते बॉक्साइटमधून काढावे लागते, आणि बॉक्साइट कोठे सापडते ते आपणांस दूरच्या देशात जाऊन पाहावयास नको. कोल्हापूर जिल्ह्यात राधानगरीच्या बाजूच्या, आपल्याच सह्याद्रीच्या पठारांवरून ते खणले गेले आहे. बॉक्साइटपासून प्रथम ॲल्युमिना होते, आणि त्या ॲल्युमिनापासून धातू वेगळा करण्यासाठी वीज लागते. ही वीज थोडीथोडकी नव्हे. एक किलो नवे ॲल्युमिनियम तयार होताना केवळ विद्युतविघटनासाठी सुमारे 13 ते 15 युनिट वीज खर्ची पडते. मोटारीचे एक चाक आठ-दहा किलोचे धरले, तर एका चाकात सव्वाशे युनिटांच्या आसपास वीज गोठून बसलेली असते. आमच्या भागातील एखाद्या लहान घराचा महिन्याहून अधिक काळ त्यात निभावेल.

आणि वीज कशातून येते, हे जोयड्याच्या माणसाला कोणी शिकवावे? 101 मीटर उंचीच्या सुपा धरणाचे पाणी 1980 च्या दशकात चढले तेव्हा सुपा गाव त्याखाली गेले. तालुक्याची कचेरी जोयड्याला आली, माणसे रामनगरला आणि इतरत्र गेली. काळी नदीवर वीज निर्माण झाली आणि ती दूरदूरच्या गावांना उजळू लागली. त्या विजेला आम्ही शाप देत नाही. आमच्या घरीही दिवा तिनेच लागतो. परंतु आटलेल्या उन्हाळ्यात धरणाच्या काठी उभे राहून ज्याने आपल्या वाडवडिलांच्या अंगणाची दिशा बोटाने दाखवली आहे, त्याला 'एक चाक फेकून दुसरे आणले' हे वाक्य इतके हलके वाटू नये. अमुक चाक अमुक नदीच्या विजेवर घडले, असा हिशेब कोणी मांडू शकणार नाही. पण प्रत्येक युनिटामागे कोठेतरी एखादी बुडालेली ओल, खणलेले पठार किंवा जळलेला कोळसा असतो, एवढे निश्चित. दृष्टीआड सृष्टी या न्यायाने आपण ते विसरतो, इतकेच.

यावर एक सरळ आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. ॲल्युमिनियम भंगारात गेले तरी वाया जात नाही. ते वितळवून पुन्हा वापरण्यास नव्या धातूच्या तुलनेत सुमारे पाच टक्के ऊर्जा पुरते. मग दुरुस्तीचा एवढा आग्रह कशासाठी? आमचे उत्तर असे, की पुनर्वापर ही दुसऱ्या क्रमांकाची सोय आहे. वितळवलेल्या धातूचे पुन्हा चाक व्हायचे तर ओतकाम, उष्णोपचार, कातकाम, रंगकाम आणि वाहतूक हे सारे पुन्हा आलेच. जे चाक निव्वळ त्वचेने जखमी आहे, त्याला संपूर्ण मृत्यू आणि पुनर्जन्म या फेऱ्यातून नेण्याचे कारण नाही. मात्र या आक्षेपाने आम्हांस एक गोष्ट शिकवली. ज्या चाकाची दुरुस्ती होऊ नये, त्यालाही सन्मानाचा मार्ग उपलब्ध आहे. आणि येथूनच खरा प्रश्न सुरू होतो.

आमची दोन्ही चाके अखेर एका वयस्क कारागिराकडे गेली. त्यांनी रंग उतरवल्यावर आम्हांस बोलावून घेतले. ओरखडा उठलेले मागचे चाक आतून धडधाकट होते. मुडपलेल्या पुढच्या चाकाच्या आतील बाजूस मात्र त्यांनी एक लाल द्रव लावला, काही वेळाने तो पुसला आणि वर पांढरा थर फवारला. त्या पांढऱ्यावर हळूहळू केसाएवढी तांबडी रेघ उमटली. ती भेग होती. भेगेच्या शेजारी जुन्या वेल्डिंगची गाठ होती, घासून गुळगुळीत केलेली आणि रंगाखाली झाकलेली. ही गाडी आम्ही पूर्वी वापरलेली अशी विकत घेतली होती. म्हणजे आमच्याआधी कोणीतरी ही भेग पाहिली होती, बुजवली होती, आणि त्याविषयी मौन पाळले होते. त्याच चाकावर आम्ही दोन वर्षे मुलाबाळांना आणि वृद्ध मातोश्रींना घेऊन घाट चढलो-उतरलो होतो.

कारागिरांनी कारण समजावून दिले. अशा चाकाला घडणीच्या वेळीच सुमारे 540 अंश सेल्सियसपर्यंत तापवून पाण्यात झटकन थंड करतात आणि मग कमी तापमानावर पुन्हा काही तास ठेवतात. या संस्कारातून त्याला बळ येते. वेल्डिंगची आच लागली की तेवढ्या जागेचा तो संस्कार पुसला जातो. वरून गाठ मजबूत भासते, पण शेजारचा धातू मऊ पडतो आणि प्रत्येक फेऱ्यागणिक ताण खात राहतो. एक दिवस तो तुटतो, आणि तो दिवस घाटातल्या उताराचा असू शकतो. "ओरखडा भरतो, बारीक वाक काढतो, पण भेगेला हात लावीत नाही," असे ते म्हणाले. नव्यासारखे करून देण्याचे आश्वासन देणाऱ्यापेक्षा हा नकार आम्हांस अधिक मोलाचा वाटला.

दुरुस्ती आणि लपवाछपवी यांची साधने एकच असतात, हे आम्ही त्या दिवशी शिकलो. तोच घासकागद, तोच रंग, तीच भट्टी. फरक असतो तो हेतूत आणि उच्चारात. आमच्या जंगलपट्टीतील सिद्दी स्त्रिया जुन्या कपड्यांची कवंदी शिवतात. तिच्यावरील प्रत्येक ठिगळ उघड असते, नव्हे, तेच तिचे सौंदर्य असते. मी फाटले होते आणि मला जोडले आहे, हे ती सांगते. झाकलेली वेल्डिंग मात्र वरून कीर्तन आणि आतून तमाशा असते.

आपल्या परंपरेनेही हा भेद पूर्वीच ओळखला आहे. जीर्ण देवळाचा उद्धार करणे पुण्यकर्म मानले गेले. पण मूर्ती भंगली तर ती पूजेत ठेवीत नाहीत, तिचे विसर्जन करतात. वरवर पाहता ही विसंगती वाटते. आम्हांस तीत विवेक दिसतो. भिंत, कळस, फरशी यांची डागडुजी होऊ शकते, कारण त्यांचे काम आधार देण्याचे आहे. ज्यावर श्रद्धेचा सगळा भार आहे, तेथे मात्र भेग बुजवून चालत नाही. चाकातही असेच आहे. रंग आणि कड यांची सेवा करावी, भार वाहणाऱ्या अंगाला तडा गेला की त्याला निरोप द्यावा.

'मिलिंदप्रश्न' या पाली ग्रंथात नागसेन भिक्षू राजा मिलिंदाला विचारतात, की रथ म्हणजे त्याचा आस काय, चाके काय, की दांडी काय? राजाला मान्य करावे लागते, की यांपैकी कोणतीही एक वस्तू रथ नव्हे. 'रथ' हे या साऱ्यांच्या जुळणीला दिलेले नाव आहे. आम्हांस या संवादातून एक व्यावहारिक बोध झाला. चाक वाचवणे हे स्वतंत्र ध्येय असू शकत नाही. चाक ज्या जुळणीचा भाग आहे, तीत गाडी आहे, गाडीतली माणसे आहेत, आणि समोरून येणारा अनोळखी प्रवासीही आहे. काटकसर आमची आणि धोका त्याचा, असा व्यवहार नीतीत बसत नाही.

एक कसोटी अजून उरली होती. भेगाळलेल्या चाकाला एक गिऱ्हाईक आले. भंगाराच्या दराच्या कितीतरी पट रक्कम तो देऊ करीत होता. चाकाचे काय करणार, हे त्याने सांगितले नाही, आणि सांगण्याची गरजही नव्हती. नव्या चाकाचा निम्मा खर्च त्यातून सुटला असता. मोह झाला नाही असे म्हणणे खोटेपणाचे होईल. एक रात्र आम्ही 'आपण काही खोटे बोलणार नाही, फक्त विकणार आहोत' असा युक्तिवादही स्वतःशी केला. पण आमच्याआधीच्या मालकानेही नेमके हेच स्वतःला सांगितले असेल, हे सकाळी लक्षात आले. त्या कारागिरांकडून चाकाचे करवतीने दोन तुकडे करवून घेतले आणि मगच ते भंगारात दिले. ते वितळेल, आणि त्याचे काहीतरी प्रामाणिक होईल.

मागचे चाक आता दुरुस्त होऊन गाडीला आहे. जेथे ओरखडा होता तेथे नीट न्याहाळले तर रंगाची छटा किंचित वेगळी दिसते. कारागिरांनी ती एकसारखी करून देण्याची तयारी दाखवली होती. आम्ही नको म्हटले. पुढे कधी गाडी विकावी लागली, तर घेणाऱ्यास तेथे बोट ठेवून सांगता येईल.