उसन्या शब्दाचे देणे

2000 साली ऑस्ट्रियातील काही भौतिकशास्त्रज्ञांनी विलेनडॉर्फची व्हीनस 360 मीटर अंतरावर गुप्तपणे धाडली. मूर्ती नव्हे, तिचे चित्र. ही चुनखडीची स्त्रीमूर्ती जेमतेम 11 सेंटिमीटर उंचीची, वय 25,000 वर्षांहून अधिक. 1908 मध्ये विलेनडॉर्फ गावाजवळ सापडली. आता व्हिएन्नाच्या संग्रहालयात असते.

पाठवण्याची रीत अशी होती. प्रकाशकणांच्या गुंतलेल्या जोड्या निर्माण करायच्या. जोडीतला एक कण इकडे, दुसरा तिकडे. दोन्हीकडे मापन केले की उत्तरे परस्परांशी जुळतात, आणि त्या उत्तरांतून दोन्ही टोकांना आकड्यांची एकच किल्ली तयार होते. या किल्लीने चित्र विस्कटले, साध्या संगणकाच्या जाळ्यावरून पाठवले आणि पलीकडे पुन्हा जुळवले. मधले विस्कटलेले चित्र म्हणजे उधळलेल्या राखेसारखे नुसते ठिपके. जुळवलेल्या मूर्तीच्या अंगावरही थोडे चुकार ठिपके राहिलेच होते. वाटेत कुणी कण अडवून न्याहाळू लागला तर जुळणी बिघडते आणि चोर उघडा पडतो, ही या विद्येची खुबी.

या गुंतलेल्या जोडीने कलावंतांना भुरळ घातली नसती तरच नवल. पण त्या भुरळीतून जे निर्माण होते त्यातले बरेचसे माझ्या मनाला पटत नाही. कल्पना करा, दालनाच्या दोन टोकांना दोन दिवे आहेत. एकाला हात लावला की दुसरा उजळतो, आणि भिंतीवरची पाटी सांगते, विश्वात सारे काही परस्परांशी जोडलेले आहे, हे आता विज्ञानानेही मान्य केले. पाहणारा गहिवरतो. मात्र पाटीवरचे हे विधान खोटे आहे.

गुंतलेल्या जोडीतल्या एका कणाला हात लावून दुसरीकडे दिवा पेटत नाही. 'हो' किंवा 'नाही' एवढाही निरोप त्या मार्गाने जात नाही. दोन भाऊ दोन गावी नाणी उडवत बसले आहेत असे समजा. प्रत्येकाच्या वहीत छापा-काट्याची अर्थहीन रांग. स्वतःची वही कितीही वेळ न्याहाळली तरी भावाने काय केले, हे कळायचे नाही. एक वही टपालाने दुसऱ्या गावी गेली आणि दोन्ही शेजारी शेजारी ठेवल्या, म्हणजे मग लक्षात येते की रांगा जुळताहेत. बरे, भावांनी आधीच संगनमत केले असेल म्हणावे, तर साध्या संगनमताने जुळतील त्याहून त्या अधिक जुळतात. हे प्रयोगाने दाखवून देणाऱ्या अस्पे, क्लाउझर आणि झाइलिंगर या तिघांना 2022 चे नोबेल पारितोषिक मिळाले.

मला ही टपालाची वाट पाहणारी वही त्या दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक हृदयस्पर्शी वाटते. नाते आहे, पण ते साध्या पत्राखेरीज उमगत नाही! कलावंताने अवघड भाग गाळला आणि त्याबरोबर उत्तम भागही गमावला.

यावर कोणी म्हणेल, कलेला एवढा हिशेब कशाला? शब्द उसने घेतले की अर्थ बदलायचाच. आपल्यासारख्या दोन भाषांच्या उंबरठ्यावर राहणाऱ्या माणसांना हे कोणी शिकवायला नको. इंदूर-ग्वाल्हेरच्या मराठी घरांत 'शिक्षा' हा शब्द शाळेत एका अर्थाने आणि घरात दुसऱ्याच अर्थाने येतो. कन्नडातला 'अवसर' म्हणजे घाई आणि हिंदीतला 'अवसर' म्हणजे संधी. कानडी तूप आपण पिढ्यान्‌पिढ्या मराठी भातावर वाढून घेतो आणि त्याची पावती कुणी मागत नाही.

आक्षेप वजनदार आहे, पण इथे तो लागू पडत नाही. भाषेतला शब्द आपले जुने वजन वापरून काही विकत नाही. 'तूप' म्हणताना आपण कर्नाटकाच्या प्रतिष्ठेवर उभे नसतो. पाटीवरचे 'विज्ञानानेही मान्य केले' हे मात्र प्रयोगशाळेच्या प्रतिष्ठेवरच उभे आहे. ती बाजूला काढा, मग दोन दिवेच उरतात. आणि याच प्रतिष्ठेवर बाजारात 'क्वांटम' नावाची कडी, पदके आणि उपचार खपतात. घेणाऱ्याच्या घरी कुणीतरी आजारी असते. कलावंत ती कडी विकत नाही, हे मान्य. पण त्या शब्दावर न विचारता विश्वास ठेवण्याची सवय ज्या कानांना लागली, तेच कान दुकानदारापुढे जातात. वाटी उसनी आणली तर रिकामी परत करू नये, एवढी रीत तर आपल्या आळीतही पाळतात.

भरली वाटी परत करणारेही आहेत. युलियन फॉस-आंद्रेए हा शिल्पकार व्हिएन्नात भौतिकी शिकला. साठ कार्बन अणूंचा रेणूही लाटेसारखा वागतो, हे दाखवणाऱ्या 1999 च्या प्रयोगात तो सहभागी होता. त्याचा 2006 चा 'क्वांटम मॅन' म्हणजे समांतर उभ्या पोलादी पत्र्यांचा चालता माणूस. समोरून भरीव, बाजूला जाऊन पाहावे तर पत्र्यांमधल्या फटींतून पलीकडचे आकाश दिसते आणि माणूस जवळजवळ नाहीसा होतो. हे शिल्प काही सिद्ध करू पाहत नाही. पाहणाऱ्याला चार पावले चालायला लावते आणि गप्प राहते.

कासेलला 2012 मध्ये झालेल्या तेराव्या डॉक्युमेंटा प्रदर्शनात तर झाइलिंगर यांना निमंत्रण देऊन त्यांचे प्रयोगच दालनात मांडले होते. याला कला म्हणावे का, हा वाद मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. उसनवारी उघड होती, देणारा स्वतः हजर होता.

राहता राहिली व्हीनस. 2000 च्या त्या प्रयोगात झाइलिंगरही होते, आणि तिथे उसने घेणारे शास्त्रज्ञ होते. तिच्या जागी रेल्वेचे वेळापत्रक असते तरी प्रयोग तसूभर बदलला नसता. तिने तिथे शोभेपलीकडे काही केले नाही. तिला घडवणाऱ्या हाताचे नाव कुणालाच ठाऊक नाही, त्यामुळे तक्रार करायलाही कोणी येणार नाही. तरी देणे दोन्हीकडून धरायचे, तर हेही वहीत मांडून ठेवायला हवे.